अब्बूंच्या गुडघ्याची वायरिंग

अब्बूंचा गुडघा बदलला आणि आर्णीतल्या आमच्या दोन खोल्यांची धर्मशाळा झाली. आमच्यात आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे सवाबाचं, पुण्याचं काम. त्यामुळे अब्बूंच्या गॅरेजमध्ये ज्यांनी कधीकाळी नुसती हवा भरली, तेसुद्धा येऊन चहा पिऊन गेले.

"कसं हाये रहमतभाई?"

"अल्लाचा शुक्र! एकदम मस्त!"

पाहुण्यासमोर कण्हणं म्हणजे नाशुक्री, अल्लाशी कृतघ्नपणा, असं अब्बूंचं पक्कं मत. पाहुणा दाराबाहेर पडला की उशी चावायचे, आणि गुडघ्याला लागू नये म्हणून चादरीचा तंबू करायचे.

यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी सुट्टी देतानाच बजावलं होतं, "जळजळ झाली, करंट लागल्यासारखं वाटलं, तर लगेच सांगा. नसेचं दुखणं सुरुवातीलाच आवरायचं. मुरलं की पिच्छा सोडत नाही." आणि त्यांनी फोन केला तर अब्बू काय म्हणाले? "अल्लाचा शुक्र! एकदम मस्त!" मॅडम खूश. आज व्हिडिओवर जखम बघून नसेच्या गोळ्या बंद करणार होत्या.

"अम्मी, हे डॉक्टरले बी पाहुणाच समजून राह्यले!"

"मंग तू समजाव. लई वकील झाली ना!" शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून अम्मी मला वकीलच म्हणते.

वकिलाने पलंगाजवळ स्टूल ओढलं. "अब्बू, एक गाडी आली. पार्ट नवा टाकला, पार्ट झकास. पण नुसती उभी असली तरी तापते. कपडा लागला तरी करंट मारते."

अब्बू सरसावून बसले. "वायरिंग पाहा. गिऱ्हाईक काय म्हणते?"

"म्हणते, एकदम मस्त चालते."

"गधा हाये गधा! असेच लोक गाडी जाळतात अन् माह्या नावानं बोंबलतात. मेकॅनिकले सांगाले कायची लाज?"

मी फक्त चादरीच्या तंबूकडे पाहिलं. अब्बूंनीही पाहिलं. अम्मी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली.

"बापाले गधा म्हणते?"

"मी कुठं? तुमीच म्हणले!"

तेवढ्यात फोन वाजला. "कसं आहे, रहमतभाई?"

"शुक्र तर हायेच, मॅडम..." अब्बूंनी चादर उचलून फोन गुडघ्याकडे वळवला. "पण जखमेच्या बाजूनं आग होते. चादर लागली का करंट मारते."

मग जे सुटले, ते मॅडमना तोंड उघडू देईनात. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं झालं आज बोललात. गोळ्या आत्ता बंद नाही करायच्या. जखम छान भरलीय, तर तिच्या आजूबाजूला रोज हलकेच कापूस फिरवा, मग मऊ कापड, मग टॉवेल. साध्या स्पर्शाची सवय होऊ द्या नसेला."

कापूस घेऊन मीच बसले. जरासा टेकवला.

"अम्मा गं!" अब्बू असे ओरडले की शेजारच्या इम्तियाजचाचांनी खिडकी उघडली.

"दुखते?"

"दुखते! लई दुखते! हळू कर ना, बाई!"

ऑपरेशन झाल्यापासून हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. इम्तियाजचाचांना काय वाटलं असेल, अल्ला जाणे.