तिसऱ्या मजल्यावरचा स्विच

गौरम्मा नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात आया होती. तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसताना तिला एक केबल भिंतीवरून लोंबताना दिसली. कुणाच्या पायात येईल म्हणून तिनं सुटं टोक शेजारच्या रिकाम्या खाचेत खोसलं. दुसरं टोक आधीच भिंतीत होतं. थोड्याच वेळात दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर ठप्प झाले. कंधारहून आणलेल्या बसवंतरावांच्या मेंदूचा स्कॅन झाला होता, पण सर्जनच्या पडद्यावर तो तासभर आलाच नाही. संध्याकाळी ते गेले. ती केबल उपटल्यावरच कॉम्प्युटर चालू झाले होते, म्हणून गौरम्माला घरी बसवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्क सांभाळणाऱ्या पंचशीलानं त्या मजल्याचा स्विच, म्हणजे भिंतीतल्या खाचांमधून सगळे कॉम्प्युटर जोडणारी पेटी, तपासला. एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचला लागली की संदेश आतल्या आत गोल फिरत राहतात, वाढत जातात, आणि नेटवर्क गुदमरतं. ते होऊ नये म्हणूनच स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाचं संरक्षण असतं. असं वेटोळं दिसलं की स्विच आपणहून एक रस्ता बंद करतो. इथं ते चालूच नव्हतं.

कुणी बंद केलं, ते तिला ठाऊक होतं. अमरनाथ सरांनी. तिला नोकरी देणारे, काम शिकवणारे सर. ते प्रत्येक जोडणी आधी तपासतं, त्यामुळं कॉम्प्युटरला नेटवर्क मिळायला वेळ लागतो, अशी डॉक्टरांची ओरड होती. सरांनी वैतागून ते बंदच केलं होतं.

तिनं ते चालू केलं. कॉम्प्युटरच्या जोडण्यांना थांबावं लागू नये आणि वेटोळं झालं तर तेवढीच जोडणी तुटावी, अशी सोय केली. मग हिशेब घ्यायला आलेल्या गौरम्माला वर बोलावलं.

"मावशी, ती केबल परत तशीच खोसा."

"नको वं ताई. माणूस गेलाय एक."

"खोसा. मी हाय ना."

गौरम्मानं टोक खोसलं. कपाटातल्या स्विचवरचा एक दिवा विझला. वॉर्डातले कॉम्प्युटर मात्र चालूच राहिले.

"मंग काल का न्हाई झालं असं?"

पंचशीलानं दाराकडं पाहिलं. अमरनाथ सर दारात येऊन उभे होते.

"ते थांबवायची सोय मी बंद केलती मावशी," ते म्हणाले. "तुमची चूक न्हाई."

तेच त्यांनी मालकांनाही सांगितलं. गौरम्मा कामावर राहिली, सरांना राजीनामा द्यावा लागला.

पुढच्या आठवड्यात सर कंधारला गेले. पंचशीला सोबत होती. बसवंतरावांच्या मुलानं, रामलिंगनं, ओसरीवर बसून सगळं ऐकून घेतलं.

"येळेवर दिसलं असतं, तर वाचले असते का आमचे अण्णा?"

"डॉक्टर न्हाई म्हणतात. मला सांगता येत न्हाई. पण तो तास माझ्यामुळं गेला."

रामलिंग उठून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. दोघं ते उभ्यानंच प्याले आणि स्टँडकडं चालू लागले.