दगडावर काय कोरायचं

आमच्या वस्तीतली माणसं कशी मेली, याच्या गावात दोन कहाण्या आहेत. खुशालरावांनी मोठ्या हौसेनं गावाचा इतिहास छापला. त्यात एवढंच आहे, की उन्हाळ्यात आग लागली आणि काही माणसं दगावली. दुसरी कहाणी माझ्या वडिलांची, पुंजाजींची, म्हणजे आबांची. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, म्हणून गावातल्या लोकांनी भर दुपारी आमच्या घरांना बाहेरून कड्या घातल्या आणि पेटवून दिलं. आबा तेव्हा लहान होते. शेळ्यांसाठी पाला तोडायला बाभळीवर चढले होते, म्हणून वाचले. त्यांची माय आत होती. तिच्या हाका त्यांनी झाडावरून ऐकल्या.

विहारापुढे स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं आणि त्यावर काय कोरायचं ते ग्रामसभेवर आलं. याच दिवसासाठी आबा जगले होते. धुतलेलं धोतर नेसून ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

सरपंच म्हणजे खुशालरावांचा मुलगा गजेंद्र. तो वाद घालेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. त्यानं वाद घातलाच नाही. मोबाईल माइकजवळ धरला आणि माझ्या पोरीचा आवाज आला. पायल अमरावतीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते. तिच्या सराव मुलाखतीचा व्हिडिओ क्लासवाल्यांनी सगळीकडे टाकला होता.

“तुमच्या गावात पूर्वी हत्याकांड झालं म्हणतात?”

“नाही सर. ती दुर्घटना होती. आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदानं राहतात.”

कडवट बोललं की मार्क जातात, असं सरांनी तिला शिकवलं होतं. मुडदा बसवला त्या मार्कांचा.

गजेंद्रनं मोबाईल आबांच्या तोंडासमोर आणला. “पुंजाजी, पोरगी खोटं बोलून राहिली म्हना, आमी तुमचं कोरतो. मी रेकॉर्डिंग करून राहिलो. सोमवारी तिची खरी मुलाखत हाये ना? तिथल्या सायबाइलेही पाठवू.”

मी उठलो. आबांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

“पोरगी खरं बोलते,” ते म्हणाले. “आग लागली होती.”

“कशानं?”

आबांनी तोंडावरून हात फिरवला. “माह्या मायच्या चुलीतून. तिनं इझवली नव्हती.”

“नाव काय तिचं? दगडावर लिहा लागन, कोनाच्या चुलीतून लागली ते.”

“रुख्मिणी.”

मागच्यांना ऐकू गेलं नाही. गजेंद्रनं माइक पुढे केला, आणि आबांनी नाव पुन्हा सांगितलं.