अकरावा प्रश्न

मानसशास्त्रज्ञांना नोंदणीचा अर्ज दर पाच वर्षांनी नव्याने भरावा लागतो, आणि त्यातल्या अकराव्या प्रश्नाला झाडून सगळे 'नाही' लिहितात. 'गेल्या दोन वर्षांत आपण कोणत्याही मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत काय?' छे, आम्ही आणि उपचार! दिवसभर लोकांना सांगायचं की अहो, यात लाज कसली, आणि आपल्यावर वेळ आली की हाताची घडी तोंडावर बोट.

आमच्या मॅडमनी पंचवीस वर्षांत चार वेळा 'नाही' लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरंही होतं. या खेपेला नव्हतं. आई गेली आणि त्यांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. महिनाभर त्यांनी क्लिनिकच बंद ठेवलं. आठ महिने त्या एका डॉक्टरांकडे गोळ्या घेत होत्या आणि त्यांच्यासमोर बसून पोटभर रडत होत्या. आता ठणठणीत होत्या. गुपचूप 'नाही' लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

पण मध्ये आला एक बस ड्रायव्हर.

तो वर्षभर त्यांच्याकडे येत होता. बस पुलावर चढली की त्याची छाती धडधडायची, स्टिअरिंगवरचे हात घामाने निसटायचे. त्याच्या परवान्याच्या अर्जातही असाच प्रश्न होता. काय लिहू, असं त्याने विचारलं, आणि मॅडम म्हणाल्या, खरं असेल ते लिहा. त्याने लिहिलं. आठवड्याभरात त्याला बसवरून उतरवून तिकीट खिडकीवर बसवलं. अठरा वर्षं गाडी चालवलेला माणूस काचेआड बसून तिकिटं फाडू लागला. पुढच्या भेटीत त्याने फक्त एकच वाक्य टाकलं, "सांगायला तुमचं काय जातंय?"

हे मॅडमच्या जिव्हारी लागलं, कारण बोलणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. महिन्याभराने त्यांचा स्वतःचा अर्ज आला, पेन अकराव्या रकान्यापाशी अडलं, आणि त्यांनी मन घट्ट करून 'होय' लिहिलं.

व्हायचं तेच झालं. नोंदणी देणाऱ्या कौन्सिलचं पत्र आलं: आपण हा व्यवसाय करण्यास योग्य आहात की नाही हे तपासायचं आहे, समितीपुढे हजर राहा. नोंदणी गेली तर क्लिनिकला कुलूप, आणि मॅडमना दुसरं काम येत नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, कपाळाला हात लावला. बये, हे विकतचं दुखणं कुणी सांगितलं होतं, म्हणाली. चुकून लिहिलं म्हणून सांग आणि घरी ये. एवढं बोलून ती चहाचा थर्मास घेऊन त्यांच्याबरोबर गेली आणि कौन्सिलच्या व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडून बसली.

आत तीन जण. एक बाई, एक फायलीतून डोकं वर न काढणारे गृहस्थ, आणि मधोमध अध्यक्ष म्हणून मॅडमचे सर. हेच त्यांना शिकवणारे, यांच्याच सहीने त्यांना पहिली नोंदणी मिळालेली. पाऊण तास प्रश्न चालले. गोळ्या कोणत्या, किती, पेशंटसमोर कधी रडू आलं का, पुन्हा असं होणार नाही याची खात्री काय. बाईंनी तर 'आत्ता कसं वाटतंय' हेही विचारलं, तेही आपण पेशंटला विचारतो त्याच गोड आवाजात. मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांनी एकेक उत्तर शांतपणे दिलं.

शेवटी सरांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. घाईत होतं असं कधीकधी, म्हणाले. 'होय' खोडा, 'नाही' लिहा, बाजूला सही करा. पाच वर्षांची नोंदणी आजच देतो. त्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं.

मॅडमना मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. एका फुलीत सगळं मिटत होतं, बाहेर ताई चहा ओतायला तयार होती. त्यांनी पेन उचललं. सर हसले.

'होय'च्या पुढे बोटभर जागा होती. तिथे मॅडमनी बारीक अक्षरात लिहिलं, 'बरी झाले. गरज पडली तर पुन्हा घेईन.' खाली सही केली आणि पेन परत ठेवलं.

"सर, या खोलीबाहेर आपण चौघंही लोकांना सांगतो की उपचार घेणं शहाणपणाचं आहे," त्या म्हणाल्या. "इथे आत तो गुन्हा कसा होतो, ते मला लेखी कळवा."

फायलीतले गृहस्थ पहिल्यांदा वर बघू लागले. सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं.

लेखी आलं ते एवढंच: नोंदणी पाचऐवजी एका वर्षाची, दर महिन्याला एका ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञाने येऊन काम तपासायचं, आणि हे पत्र, कारणासकट, येणाऱ्यांना दिसेल असं लावायचं. मान खाली घालायला लावण्यासाठीच लिहिलेलं होतं ते. ताई म्हणाली, दाराच्या मागे लाव, दार उघडं असलं की झाकलं जाईल. मॅडमनी ते बाजारात नेलं, काचेची फ्रेम करून घेतली आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या बरोबर समोर, आपल्या प्रमाणपत्राच्या वर टांगलं.

गुरुवारी ड्रायव्हर आला. तो खुर्चीपर्यंत पोचलाच नाही. उभ्याउभ्याच त्याने पत्र पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग वळून मॅडमकडे पाहिलं.

"म्हणजे वर्षभर तुम्हीपण खिडकीवर?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "गाडी मीच चालवतेय. शेजारी एक जण बसणार आहे, बसू दे."

तो खुर्चीत येऊन बसला. वर्षभरात इकडचंतिकडचं पुष्कळ बोलला होता, पण त्या पुलावर पहिल्यांदा काय घडलं हे काही केल्या सांगत नव्हता. विषय निघाला की घड्याळ बघायचा.

आज त्याने खुर्ची पुढे ओढली आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"मग आज पुलाचं सांगतो," तो म्हणाला.