एक संबंधित व्यक्ती

दोघा भावांचं पुस्तकबांधणीचं दुकान एका लांबट खोलीत होतं. एका टोकाला दादांचं टेबल, दुसऱ्या टोकाला बाळ्याचं आणि मध्ये वडिलांच्या काळातला पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. बाळ्या हे नाव लहानपणी पडलेलं. पुढे वय पन्नाशीपार गेलं, डोक्यावरचे केस गेले, नाव मात्र गेलं नाही.

दादा शिवायचे, बाळ्या कापायचा. सुटी झालेली पानं दोऱ्याने एकत्र गुंफणं दादांच्या हातचं. पुठ्ठा आणि कापड कापून त्या शिवलेल्या गठ्ठ्याला माणसात आणणं बाळ्याच्या हातचं. एकाचं काम दुसऱ्याला ढिम्म येत नव्हतं. इतकी गरज असलेल्या माणसांनी एकमेकांशी निदान बोलावं, अशी अपेक्षा जग करतं. पण उन्हाळ्यापासून दोघांत अबोला होता.

कारण साधं होतं. बाळ्याला विजेवर चालणारं कापायचं यंत्र हवं होतं. दादा एका गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "यंत्र कशाला? आजवर तू एकच गोष्ट सरळ कापलीस, ती म्हणजे घराण्याचं नाक." गिऱ्हाईक हसलं. गिऱ्हाईक हसलं नसतं, तर कदाचित प्रकरण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. बाळ्याने मिठाची गुळणी धरली. मग दादांनीही धरली, कारण असल्या बाबतीत मोठ्या भावाने मागे राहणं बरं दिसत नाही. तेव्हापासून दादा शिवलेलं पुस्तक प्रेसवर ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. मग बाळ्या यायचा, उचलायचा आणि पाठ फिरवायचा. प्रेस बिचारा दोन्ही पाठी बघत बसायचा.

अशात दादांना बोलावणं आलं. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला जुने ग्रंथ दुरुस्त करणारा माणूस हवा होता. खिडकीजवळ टेबल, हाताखाली दोन माणसं, आणि उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत.

दादांना जायचं नव्हतं. पण "जायचं नाही" असं म्हणायला कुणीतरी "जाऊ नकोस" म्हणावं लागतं. ते म्हणू शकणारा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठा कापत बसला होता आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं. त्याला मी हवा आहे की नको, एवढंच दादांना कळून घ्यायचं होतं. विचारणं अर्थातच शक्य नव्हतं.

इथे त्यांना कॉम्प्युटर आठवला. परदेशी असलेल्या ताईने, भेदभाव नको म्हणून, दोघा भावांना अगदी एकसारखे कॉम्प्युटर पाठवले होते. त्यात बोलणारा सहायकही एकसारखा आणि निरोप आल्यावर वाजणारी 'टिंग'ही एकसारखी.

सोमवारी बाळ्या पुठ्ठा आणायला बाहेर पडल्याचं पाहून दादांनी आपल्या सहायकाला काम सांगितलं. "माझा भाऊ आहे. मी दुकान सोडावं असं त्याला वाटतं की राहावं, हे शोधून काढ. त्याला विचारायचं नाही. माझं नाव घ्यायचं नाही."

"हे काम मी मागे चालणाऱ्या एका मदतनिसाकडे सोपवतो," सहायक म्हणाला. "तोवर तुम्ही माझ्याशी दुसरं काही बोलू शकता. त्याचं झालं की कळवतो."

"मागे म्हणजे कुठे?"

"म्हणजे तुमच्यासमोर नाही, पण काम चालू राहतं."

दादांनी मान डोलावली. त्यांच्या मनात एक आतली खोली तयार झाली, तिथे एक स्टूल आणि त्यावर बसलेला एक होतकरू कारकून. "त्याला आमच्या भांडणाची माहिती आहे का?"

"मी जेवढं सांगितलं तेवढंच त्याला माहीत असतं. आपलं आधीचं बोलणं त्याला ठाऊक नसतं."

"मग आमच्या घरात खपून जाईल," दादा म्हणाले.

मदतनिसाकडून काही कळायच्या आतच मंगळवारी सकाळी दादांच्या टेबलावर टिंग झालं. सहायकाने निरोप वाचून दाखवला. "एका संबंधित व्यक्तीच्या वतीने तिच्या मदतनिसाने विचारलं आहे की आपण सध्याचं काम सोडण्याचा विचार करत आहात काय. त्या व्यक्तीला नाव सांगायचं नाही."

दादांच्या हातातली सुई दोऱ्यासकट थांबली. ग्रंथालयाची गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कुणालाही सांगितली नव्हती. बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि नकाशाबाहेरच्या भानगडीत पडायची नाही. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं आणि दोन दिवस प्रेसवर उघडं पडलं होतं, पण ती गोष्ट त्यांना आठवली नाही. त्यांना आठवला दुकानाला गोंद पुरवणारा आणि सगळ्यांच्या नसत्या चौकशा करणारा गोंदवाला.

"ही व्यक्ती कोण ते शोध," त्यांनी हुकूम सोडला.

"त्यासाठी आणखी एक मदतनीस लावतो."

दादांच्या मनातल्या खोलीत दुसरं स्टूल आलं. थोड्याच वेळात बाळ्याच्या टेबलावर टिंग झालं. बाळ्याने वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या, बोटांनी भराभरा काहीतरी लिहिलं. लगेच दादांकडे टिंग.

"त्या बाजूने विचारलं आहे," सहायक म्हणाला, "की चौकशी कोण करतंय याची चौकशी कोण करतंय?"

"मी विचारलं ना आधी!"

"हो. आता त्यांनीही विचारलं आहे."

"मग त्यांना म्हणावं, आधी तुम्ही सांगा."

बाळ्याकडे टिंग. बाळ्याचं टक्कल लाल झालं. दादांकडे टिंग.

"ते म्हणतात, आधी तुम्ही."

दादांचं डोकं भणभणायला लागलं. पण त्याहून जास्त त्यांना एक वेगळीच गोष्ट टोचली. बाळ्याकडे केवढ्या टिंग वाजत होत्या! उन्हाळ्यात आठवड्याला एखादी वाजायची, आता चहा निवायच्या आत चार. म्हणजे बाळ्याने स्वतंत्र गिऱ्हाइकं जमवली. गुपचूप. यंत्र येणार, शिवणारा दुसरा कुणीतरी येणार, आणि दादा म्हणजे भिंतीवरचं जुनं कॅलेंडर.

आश्चर्य म्हणजे बाळ्याही दादांकडच्या टिंगांकडे तसंच बघत होता. एकदा तर प्रत्येक टिंगला एक, अशा त्याने पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या वाकड्या कापल्या. दादांनी त्यातून निष्कर्ष काढला, की याचं आता कामात लक्ष नाही.

बुधवारी दुपारी बायको शाळेतून परस्पर डबा घेऊन आली. ती आत शिरायला आणि दोन्हीकडे टिंग व्हायला एकच गाठ पडली.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"मला विचारू नकोस," दादा दबक्या आवाजात म्हणाले. "कुणीतरी माझ्या वाईटावर आहे. माझ्या मागे मदतनीस लावलाय. एकाचे आता तीन झाले."

"आणि तुम्ही किती लावलेत?"

"पाच. पण माझे बचावासाठी आहेत."

"कशाचा बचाव?"

"तेच शोधायला पाचवा लावलाय."

बायकोने डबा टेबलावर ठेवला, प्रेसला वळसा घातला आणि दिराच्या टेबलाशी गेली. "भाऊजी, तुमचं काय?"

"वहिनी, काही विचारू नका," बाळ्याही दबक्या आवाजात म्हणाला. "कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी साधी एक गोष्ट विचारायला सांगितली होती, तर उलट माझीच उलटतपासणी. मला वाटतं गोंदवाला असावा."

तिने एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला. नवव्या इयत्तेला पृथ्वी गोल असल्याचं पुन्हा सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो आला.

"गोंदवाला मे महिन्यापासून मुलीकडे गेलाय," ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली. "दुकानाला कुलूप आहे. तुम्हाला गोंद त्याचा पुतण्या देतो."

"मग पुतण्याच," दादा पुटपुटले.

"मग पुतण्या," बाळ्या त्याच वेळी पुटपुटला.

तिने हात टेकले. जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, दहा पावलांवर माणूस बसलाय. जा आणि विचारा."

"त्याच्याशी याचा काय संबंध?" दादा म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

गुरुवारी दादांनी पहिल्या मदतनिसाची आठवण काढली. भावाच्या मनातलं शोधायला गेलेला तो कारकून अजून परतला नव्हता.

"त्याला अडचण आली आहे," सहायकाने सांगितलं. "तुमच्या भावाच्या मनात काय आहे हे तुमच्या भावालाच माहीत आहे, आणि त्यांना विचारायला तुम्ही मनाई केली आहे. त्याने भावाच्या सहायकाकडे चौकशी केली. तिथून उत्तर आलं, की मालकाच्या परवानगीशिवाय काही सांगता येणार नाही. मनाई उठवता का? मी आत्ता सरळ विचारू शकतो."

दादांनी मान वर केली. बाळ्या पाठमोरा बसला होता. सदऱ्याची कॉलर मागून उसवली होती. एरवी दादांनी ती दुपारच्या चहाला शिवून दिली असती.

"नको," ते म्हणाले. "तो नाही म्हणाला तर?"

"तर तुम्हाला उत्तर मिळेल."

"तेच तर नको आहे."

कॉम्प्युटरही कधी कधी वडीलधाऱ्यासारखा गप्प बसतो.

शुक्रवार उजाडला. ग्रंथालयाला दुपारपर्यंत कळवायचं होतं. सकाळपासून बाळ्याकडे टिंग, दादांकडे टिंग, असं देवाणघेवाणीचं चाललं होतं. अकराच्या सुमाराला सहायक म्हणाला, "त्या संबंधित व्यक्तीने पुन्हा विचारलं आहे. शब्द थोडे बदलले आहेत. आपण खरंच जाणार आहात का, हे कृपया आजच कळावं. पुढची सोय करायला वेळ लागेल."

पुढची सोय! दादांच्या जिवाला तो शब्द लागला. परक्या माणसाला त्यांच्या जाण्याची एवढी घाई, आणि सख्खा भाऊ ढुंकून बघत नाही.

"सांग त्याला," ते म्हणाले. "सोमवारपासून मी इथे नाही. म्हणावं, कर तुझी सोय. एकदाचं तोंड बंद होऊ दे."

"हे पाठवल्यावर मागे घेता येणार नाही. पाठवू?"

"पाठव."

बाळ्याच्या टेबलावर टिंग झालं.

दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. नवं गिऱ्हाईक असणार. त्यांनी ग्रंथालयाचं पत्र समोर ओढलं आणि होकार कसा सुरू करावा याचा विचार करू लागले. 'महोदय' इतकं झालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यांनी वर पाहिलं तर बाळ्या प्रेसच्या अलीकडे उभा होता. दादांच्या बाजूला. हातात कापायची सुरी, तीही उघडी.

"गोंद संपलाय," बाळ्या म्हणाला.

आवाज इतका घोगरा होता, की दोघेही दचकले.

"परवाच तर आणला," दादा म्हणाले. त्यांचाही आवाज फाटला.

"तो संपत आलाय."

"संपत आलाय की संपलाय?"

"संपेल ना! आज ना उद्या संपेलच!" बाळ्याने सुरी प्रेसवर आपटली. "मग आणायचा कुणी? त्या पुतण्याशी मला बोलता येत नाही, तो पातळ देतो. तुला तो घाबरतो. आणि ते कोशाचे सहा खंड आलेत, एकेक उशीएवढा, ते शिवायचे कुणी? मी? माझ्या हाताला सुई लागली तर आधी बोट शिवून बसेन मी. यंत्र नकोच मला. यंत्र कापतं फक्त, शिवत नाही. हे काही तू सांगायला नको होतंस, मला कळत होतं. ते गिऱ्हाईक हसलं म्हणून..."

तो थांबला. टक्कल लाल, डोळेही.

याला एकाएकी काय झालं, असं दादांना वाटलं. सकाळपर्यंत ठीक होता. पण 'नकोस' हा शब्द न वापरता जितक्या प्रकारे 'जाऊ नकोस' म्हणता येतं, तितक्या प्रकारे तो म्हणून गेला होता, एवढं त्यांना समजलं.

"कॉलर उसवलीय तुझी," ते म्हणाले. "सदरा काढ. इकडे दे."

बाळ्याने सदरा काढला आणि बनियनवर स्टुलावर बसला. दादांनी सुईत दोरा ओवला. दुसऱ्याच प्रयत्नात ओवला गेला. कॉलर शिवून झाल्यावर त्यांनी पत्रातलं 'महोदय' तसंच ठेवलं आणि त्याखाली नकार लिहिला, दुकानात कामाचा फार ताण असल्याचं कारण देऊन.

"आणि ते यंत्र आण तू," ते पत्र घडी करत म्हणाले. "पट्ट्या वाकड्या कापतोस हल्ली."

"कुणामुळे?"

"मला काय माहीत, कुणामुळे?"

आणि खरंच दोघांनाही माहीत नव्हतं.

दुपारी बायको आली तेव्हा दोघे एकाच डब्यात जेवत होते आणि पातळ गोंदावरून भांडत होते. नवरा हात धुवायला उठला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग ती संबंधित व्यक्ती कोण निघाली?"

"कळलं नाही बुवा," दादा म्हणाले. "पण गंमत बघ. मी त्याला जातो म्हणून ठणकावून सांगितलं, आणि तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. असल्या लोकांना तसंच सांगावं लागतं."

"आणि भाऊजी बोलले कसे?"

"गोंद संपत आला होता ना."

तिने सुस्कारा सोडला आणि डब्याची झाकणं लावायला घेतली.

तेवढ्यात सहायक म्हणाला, "तुमच्या भावाला तुम्ही हवे आहात की नको, हे शोधणारा पहिला मदतनीस अजून काम करतो आहे. बाकीचे चारही चालू आहेत. थांबवू का सगळ्यांना?"

दादांनी पलीकडे पाहिलं. बाळ्या उशीएवढा पहिला खंड दोन्ही हातांनी उचलून त्यांच्याच टेबलाकडे आणत होता, प्रेसवर न ठेवता.

"राहू दे," दादा म्हणाले. "बिचारे चिकाटीचे आहेत. शोधू देत."

खोलीच्या दोन्ही टोकांना टिंग झालं.