धूळ ओढणारा लोहार

ग्रॅनाइटच्या शेडमधून संध्याकाळी माणसं बाहेर पडत ती टोपीपासून बुटापर्यंत पांढरी. गावात नव्यानं आलेल्या एका पोस्टमननं म्हणे फोस्को मेन्कोनीला थडग्यावरचा देवदूत समजून त्याच्या हाताला आपली पिशवी अडकवली आणि पायाशी बसून चिरूट पेटवला. फोस्कोही वस्ताद. चिरूट निम्मा होईपर्यंत पापणी हलवली नाही, आणि मग वरून म्हणाला, "उरलेला मला द्या." तेव्हापासून बॅरी गावातल्या त्या गल्लीत पत्रं दोन दिवस उशिरा येत.

या धुळीचं कुणाला काही वाटत नव्हतं, आणि का वाटावं? मॅक्लीशच्या शेडमधले निम्मे नक्षीकार इटलीतल्या कॅराराकडचे. त्यांचे बाप, आजे, पणजे संगमरवराची धूळ खातच म्हातारे झालेले. फोस्कोचा आजा ब्याण्णवाव्या वर्षी खाणीच्या कड्यावरून पडून मेला, तोही एका विधवेच्या खिडकीकडे बघण्याच्या नादात. दुपारी पावावर डुकराच्या चरबीचे काप ठेवून मंडळी जेवायला बसत, कापावर धूळ बसे, आणि कुणी ती झटकली तर बाकीचे हसत. "पीठ आहे ते आपलं! पिठाची कसली किळस?"

पण कॅरारात बाराही महिने उघड्यावर काम. इथं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये पाच महिने बर्फ, दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि हवेच्या दाबावर चालणारी नवी टाकी, म्हणजे छिन्नी, एका तासात इतका भुगा उडवायची की आजोबांना तेवढा उडवायला आठवडा लागला असता. शिवाय ग्रॅनाइट म्हणजे संगमरवर नव्हे. संगमरवर छातीत पाहुण्यासारखा येतो आणि जातो. ग्रॅनाइट आत बिऱ्हाड करतो.

ही गोष्ट सगळ्या शेडमध्ये एकाच माणसाला कळली होती, आणि तो नक्षीकार नव्हताच. इलारिओ मुसेत्ती लोहार होता. बोथट झालेल्या टाक्या तापवायच्या, ठोकायच्या, पाणी देऊन परत करायच्या, हे त्याचं तीस वर्षांचं काम. कुठली टाकी कुणाची हे तो डोळे मिटून सांगे, कारण प्रत्येकाची टाकी आपापल्या परीनं झिजते. आणि त्याच्या लक्षात आलं होतं की आधी एखाद्याची टाकी कमी बोथट होऊन यायला लागते. पुढच्या हिवाळ्यात तो माणूस खोकायला लागतो. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात टाकी येतच नाही. वय चाळिशीच्या आतलं.

त्याची एकुलती एक मुलगी नीवेस हिनं ओरेस्तेशी लग्न केलं, त्या दिवशी हे सगळं इलारिओच्या घरात आलं. ओरेस्ते म्हणजे गुलाब कोरणारा ओरेस्ते. त्याच्या दगडी गुलाबावर मधमाश्या बसत, आणि नाक ठेचून निघून जात. ही धूळ ओरेस्तेच्या छातीत बसायच्या आत काहीतरी करायला हवं, या एका गोष्टीनं इलारिओची झोप उडाली.

उत्तर त्याच्या भट्टीतच होतं. भट्टीचा पंखा वारा फुंकतो. तोच उलटा फिरवला तर वारा ओढेल, आणि टाकीच्या टोकाशी नळी आणून ठेवली तर धूळ नाकात जायच्या आत नळीत जाईल. स्टोव्हच्या धुराड्याचे नळे, एका मोडक्या मोटारीचं इंजीन आणि नीवेसच्या रुखवतातलं पितळी नरसाळं, एवढ्यावर त्यानं यंत्र उभं केलं. दर रविवारी परसात चालवून बघे, तळहात त्यावर ठेवी आणि खूश होई. यंत्र मांजरासारखं गुरगुरत होतं. शेजारची झेलिंदाबाई कुंपणावरून हात हलवी, हा टोपी उचलून नमस्कार करी. गल्लीतली कुत्री आ वासून बसलेली दिसत. त्याला वाटलं, जांभया देताहेत.

तीस वर्षं ऐरणीशी घालवलेल्या माणसाचे कान किती उरणार? उजवा थोडा शाबूत होता, बाकीचं तो समोरच्याच्या ओठांवरून ओळखी.

"बाब्बो," नीवेस बापाला इटालियनमध्ये हाक मारत त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "हे फार किंचाळतं!"

"नवीन आहे गं. तेल पाजलं की गप्प बसेल."

"झेलिंदाबाईंची कोंबडी अंडी देईना झालीय!"

"तर मग तिलाही तेल पाज," इलारिओ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बसला.

शेडचा मालक मॅक्लीश हा स्कॉटलंडचा, कुणाला एकदम नाही म्हणायचा नाही आणि हो तर कधीच म्हणायचा नाही. तीन महिने इलारिओ त्याच्या मागं लागला. शेवटी मॅक्लीश म्हणाला, "एक दिवस. तुझा जावई वापरू दे. त्याला जमलं तर सगळ्यांना जमेल."

ओरेस्तेच्या हाताखाली तेव्हा एका मोठ्या घरच्या बाईच्या थडग्याचा दगड होता. गुलाबांची माळ, तीन आठवड्यांचं काम, शेवटचं फूल राहिलेलं. यंत्र सुरू झालं आणि पहिल्या झटक्यात मुकादमाच्या डोक्यावरचा केसांचा टोप नळीत गेला. धुराड्यातून निघून तो समोरच्या चर्चच्या पायरीवर पडला. तिथल्या पाद्रीबाबांनी त्याला घूस समजून काठीनं झोडपलं, असं ऐकण्यात आहे. पण मग हवा निवळली. माणसं हातातली कामं सोडून एकमेकांकडे बघायला लागली. अकरा वर्षं शेजारी काम करणाऱ्या सोबत्याला फोस्को म्हणाला, "तू एवढा कुरूप आहेस हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं!"

इलारिओनं तळहात नळीवर ठेवला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

त्याला ओरेस्तेचं तोंड दिसत नव्हतं. दगड हातानं कोरतात, पण जपतात तो कानानं. धड दगड खणखणीत बोलतो. आत केसाएवढी चीर असली की तो बद्द बोलतो, आणि मग नक्षीकार टाकी उचलतो, बाजू बदलतो, दगडाची समजूत काढतो. ती किंकाळी चालू असताना दगड काही बोलला असेल तर ओरेस्तेला ते ऐकू आलं नाही. शेवटच्या फुलाची पाकळी तुटली, आणि तिच्याबरोबर अख्खी माळ उभी चिरली.

यंत्र थांबलं. कुणी हसलं नाही.

"बाहेर काढा हे," मॅक्लीश म्हणाला.

ओरेस्ते सासऱ्याच्या कानाशी आला. "सासरेबुवा, माझे कान खाल्ले तुमच्या यंत्रानं. पुन्हा ही नळी माझ्या दगडापाशी दिसली तर हातोडा घालीन, सांगून ठेवतो."

"पण धूळ, पोरा..."

"धूळ! माझा बाप धूळ खाऊन ऐंशीचा झाला!"

"तो संगमरवर खात होता!" इलारिओ ओरडला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते सगळ्या शेडनं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच चेष्टेचा विषय झाला. कुणी पाव काढला की दुसरा विचारी, "काय रे, संगमरवर की ग्रॅनाइट?"

इलारिओनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पंखा शेडच्या भिंतीबाहेर, जमिनीत खड्डा खणून, विटांनी बांधून, वर मातीचा थर घालून पुरायचा आणि आत फक्त नळी न्यायची, असं त्याच्या मनात होतं. पंख्याची पाती कितीदा बदलली याला गणती नाही. किती वाकवली की आवाज उतरतो हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून परसातच तसा खड्डा बांधून तो पंखा चालवी, आणि नीवेस काठावर उभी राहून हात वर-खाली करून त्याला दाखवी. हात डोक्यावर म्हणजे किंचाळतंय, कमरेशी म्हणजे कुरकुरतंय. नवऱ्याला चोरून बापाचे कान होणं सोपं नव्हतं. एकदा ओरेस्ते अचानक घरी आला तेव्हा तिनं तशाच वर गेलेल्या हातानं दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली. कपडे ओले होते.

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी बर्फ पडायला लागला तेव्हा तिचा हात गुडघ्यापर्यंत उतरला. म्हणजे यंत्र जवळजवळ गप्प होतं.

त्याच आठवड्यात भट्टीपाशी ओरेस्तेच्या टाक्या आल्या. इलारिओनं पहिली उचलली, अंगठा टोकावरून फिरवला. दुसरी उचलली. मग सगळ्या.

संध्याकाळी त्यानं जावयाला दारातच अडवलं. "हल्ली टाक्या दुसरीकडे धारेला टाकतोस?"

"दुसरीकडे कशाला टाकीन? तुमच्याकडेच तर टाकतो."

"मग बोथट का होत नाहीत?"

ओरेस्ते हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत त्याला दाराची चौकट धरावी लागली. इलारिओला खोकला ऐकू आला नाही. खांदे दिसत होते, तेवढं पुरे होतं.

डॉक्टरांनी छातीवर बोटं वाजवून पाहिली. टेकडीवरच्या दवाखान्यात जागा होईल तेव्हा कळवतो म्हणाले. त्या दवाखान्यातून पायी परत आलेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता.

त्या रात्री जेवणात मक्याच्या पिठाचा पोलेंटा होता. ओरेस्तेनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग उठून सासऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"परसातलं ते भुयार. आता ओरडत नाही ना?"

इलारिओनं मुलीकडे पाहिलं. नीवेसनं मान खाली घातली.

"मला सगळं माहीत आहे," ओरेस्ते म्हणाला. "बायको पावसात कपडे वाळत घालते आणि ओले काढते, एवढंही कळू नये इतका मी दगड झालेलो नाही. अजून."

"नळी वापरशील?" इलारिओनं विचारलं. "आता वापरलीस तर..."

"आता मला काय होणार आहे, सासरेबुवा? माझं ग्रॅनाइटचं पोट भरलंय." त्यानं इलारिओच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण ते बाकीचे गाढव मी वापरल्याशिवाय हात लावणार नाहीत. मीच नको म्हटलं होतं, तेव्हा हो पण मलाच म्हणावं लागेल."

मॅक्लीशकडे गुलाबांचं एक मोठं काम अडलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. ओरेस्तेनं सांगितलं, नळी लावा, नाहीतर टाकी धरणार नाही. मॅक्लीशनं चार दिवस हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, तेवढ्यात इलारिओनं शेडबाहेरचा खड्डा खणून टाकला, गोठलेली जमीन कोळशाच्या आगीनं मऊ करत.

ओरेस्तेनं नऊ दिवस काम केलं. एका वेळी अर्धा तास, मग बाकावर बसायचं, मग पुन्हा अर्धा तास. शेडमधल्या बाकीच्यांनी पहिल्या दिवशी टोप्या घट्ट धरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ते त्याच्याभोवती गोळा झाले. टाकी चालत होती, दगड बोलत होता, आणि पांढरा भुगा ओठांपर्यंत यायच्या आत खाली वळून नळीच्या तोंडात जात होता. ओरेस्ते मध्येच थांबून सासऱ्याला हातानं खूण करी: ऐकू येतंय. नवव्या दिवशी शेवटची पाकळी सुटी झाली. फोस्कोनं टोपी काढली आणि म्हणाला, "मलाही एक नळी हवी." त्यात चेष्टा नव्हती.

त्या नऊ दिवसांतल्या एका दिवशी शहरातून व्हिटकोम नावाचे एक इंजिनिअर साहेब आले होते. सभ्य माणूस. खड्ड्यात उतरले, पाती मोजली, वहीत चित्रं काढली, इलारिओशी हात मिळवला आणि हळू आवाजात बरंच बोलले. इलारिओ प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

ओरेस्ते एप्रिलमध्ये गेला. छत्तिसावं वर्ष होतं. बर्फ वितळायला लागला होता, म्हणून खड्डा खणायला कोळसा लागला नाही.

पुढच्या दोन वर्षांत गावातल्या एकूण एक शेडमध्ये नळ्या बसल्या. संध्याकाळी माणसं आपापल्या रंगाची बाहेर पडायला लागली. प्रत्येक नळीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर व्हिटकोम साहेबांचं नाव कोरलेलं. फोस्कोनं ते वाचून चार शिव्या दिल्या आणि धावत नीवेसकडे गेला.

नीवेसनं पेटीतून बापाचे सगळे कागद काढले. कोळशानं काढलेली पात्यांची चित्रं, कोपऱ्यात तारखा. ते टेबलावर पसरून ती त्याच्या उजव्या कानाशी बसली.

"चला बाब्बो, शहरात जाऊ. वकिलाला दाखवू. नळी तुमची आहे म्हणून सांगू."

"कधी केली म्हणून सांगू?"

"या तारखा आहेत की! त्या साहेबाच्या पाच वर्षं आधीच्या."

इलारिओनं सगळ्यांत जुना कागद ओढून घेतला, पहिल्या यंत्राचा.

"ही किंचाळणारी. ही मी वेळेवर केली होती," तो म्हणाला. "तू म्हणालीस, किंचाळते. मी म्हणालो, तेल पाजतो. तेव्हाच तुझं ऐकलं असतं, तर ती शेडमध्ये नेण्याआधी गप्प केली असती. पाकळी तुटली नसती. तो त्याच दिवशी नळीपाशी उभा राहिला असता."

"बाब्बो, कॅराराची माणसं ती. तरीही त्यांनी ऐकलं नसतं."

"ओरेस्तेनं ऐकलं असतं." त्यानं कागदाची घडी घातली, मग आणखी एक. "त्या साहेबाची नळी वेळेवर आली. तिच्यापायी त्याच्या घरचं कुणी गेलं नाही. माझी तीन वर्षं उशिरा आली. उशिरा आलेल्या वस्तूवर मी माझं नाव घालू? आणि तुझ्या नवऱ्याच्या थडग्यासमोरून त्या पट्टीचं पितळ पुसत फिरू?"

नीवेस अगदी हळू काहीतरी बोलली. पण तो कागदांकडे बघत होता, तिच्या तोंडाकडे नाही, त्यामुळे ते काय होतं हे त्याला कधी कळलं नाही.