पडद्यामागची पेटी

हॉल, खालचा बोर्ड

लेक टीव्हीच्या कपाटामागे ओणवी होऊन एक वायर बोटांनी चाचपत पुढे सरकत होती. बाबा तिच्या मागे टॉर्च धरून उभे होते. टॉर्चचा उजेड हलत होता.

"बाबा, नीट धरा की."

"धरलाय."

वायर कपाटामागून वर गेली, पडद्याआड शिरली आणि फळीवरच्या पांढऱ्या पेटीत संपली. साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी पेटी. आईनं गळ्यातलं बटण दाबलं की पेटीनं लेकीला फोन लावायचा, एवढंच तिचं काम. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीनं ती बसवली होती आणि तेव्हाच सांगून टाकलं होतं, पुन्हा पडलीस आणि कुणाला कळलं नाही, तर आई, तू माझ्याकडे येऊन राहायचंस. दोघांना ठेवण्याएवढी जागा तिच्या घरात नव्हती. हे तिनं सांगितलं नव्हतं. न सांगता कळलं होतं.

परवा आई पडली. कुणाला कळलं नाही.

आता लेकीची बॅग दाराशी उभी होती. रिकामी आणली होती, आईचे कपडे भरायला.

फेरी

बाबांची सगळी नोकरी विजेच्या सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर ताब्यात उरलं एक घर. रोज संध्याकाळी फिरायला निघण्याआधी ते घरातून फेरी मारायचे आणि काम नसताना चालू असलेली प्रत्येक वस्तू भिंतीवरून बंद करायचे. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, कुणाचाही फोन न लावलेला चार्जर.

"काम ना धाम, बसून खातात," ते म्हणायचे.

आधी हाताची पालथी बाजू लावायची. तळहात कधीच नाही. झटका बसला तर मूठ आवळते आणि वायर हातातच राहते, हे कंट्रोल रूममधलं पहिलं शिक्षण. बंद वस्तू कोमट लागली की ती बंद नाही, नुसती डोळे मिटून पडली आहे. शेजारी त्यांना 'मेनस्विच' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

"मलाही एकदा भिंतीवरून बंद करा, म्हणजे सुटलात," आई म्हणायची.

"तुझा स्विच सापडलाय कुठे मला आजवर?"

हा विनोद रोजचा होता. जिना उतरताना तो त्यांच्या कानात असायचा.

पुन्हा हॉल, खालचा बोर्ड

पेटीची पिन आधी वरच्या बोर्डवर होती. भिंतींना रंग दिला तेव्हा वायर लोंबकळते, बरी दिसत नाही, म्हणून बाबांनीच ती नीट कपाटामागून फिरवून खाली आणली, टीव्हीच्या एक्स्टेन्शनमध्ये. पडदा पुढे आला. पेटीवरचा हिरवा दिवा झाकला गेला.

त्या दिवसापासून फेरीत टीव्ही बंद झाला की पेटीही बंद होत होती. परत येऊन बातम्या लावल्या की चालू. म्हणजे आई घरात एकटी असायची, नेमका तेवढाच वेळ पेटी मेलेली असायची.

हे बाबांना परवा कळलं.

न्हाणीघर

परवा ते उशिरा परतले. वाटेत शेजारच्यानं घरात बोलावलं होतं, आमचाही मायक्रोवेव्ह बघा म्हणून. त्यांनी मायक्रोवेव्ह पाहिला, मग प्रिंटर, मग त्याच्या मुलीचा कॉम्प्युटर, आणि पालथा हात लावून प्रत्येकाचा ऊबदारपणा त्याला समजावून दिला. शेजारी मान डोलावत होता. चहा झाला.

घरी नळ वाहत होता. आई भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसली होती. त्यांनी तिच्या गालाला हात लावला. पालथा. गाल गार होता.

"आधी पाणी बंद करा," ती म्हणाली. "केव्हाचं फुकट चाललंय."

बटण तिच्या मुठीत होतं. अंगठा त्यावर इतका घट्ट बसला होता की त्यांना एकेक बोट सोडवावं लागलं.

आतली खोली

"आई, बटण का नाही दाबलंस?"

लेक कपाटामागून उठून पलंगाशी आली होती. तिच्या केसांना जळमट लागलं होतं.

"गळ्यात नव्हतंच. पाय धुवायला जाताना बाहेर खिळ्याला अडकवलं होतं."

"का?"

"ओलं होईल म्हणून. गुरांसारखं गळ्यात बांधून किती वेळ फिरायचं माणसानं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई छताच्या पंख्याकडे पाहत होती.

"अगं, पण..."

"तुम्ही चहा टाका."

"अगं, तू..."

"चहा टाका म्हटलं ना. लेक दमून आलीय."

त्यांनी चहा टाकला. उतू गेला.

दार

अंधार पडायला लागला तशी लेक बॅग घेऊन दाराशी गेली. चप्पल घातली. बॅग अजून रिकामीच होती आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बाबा तिच्या मागोमाग आले आणि दार मागून ओढून घेतलं.

"ती खोटं बोलतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "बटण तिच्या मुठीत होतं. पेटी मी बंद केली होती."

"माहीत आहे."

"आज वायर पाहिलीस तेव्हा?"

लेकीनं नकारार्थी मान हलवली. जिन्यातल्या दिव्याचं बटण तिनं बोटांच्या पाठीनं दाबलं. दिवा लागला.

"पेटी बंद पडली की कंपनीकडून मला मेसेज येतो, बाबा. रोज संध्याकाळी यायचा. पहिल्यांदा घाबरून फोन केला. आई म्हणाली, फिरायला गेलेत. मग लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. मग वाटलं, येतोय तर येऊ दे. तेवढंच कळतं, बाबा फिरायला निघाले. मग पेटी चालू झाल्याचा यायचा, म्हणजे परत आले. सगळं ठीक." ती थांबली. "फोन करावाच लागायचा नाही."

"परवा चालू झाल्याचा आला नसेल."

"नाही आला. बराच वेळ."

"आणि तुला..."

"मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. ऑफिसात रोज वाजायचा. उगाचच."

बाबांचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

आतून आईची हाक आली.

"अहो! आज फेरी नाही का?"

पलीकडच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"अहो? गेली का ती?"

लेकीनं बॅग या हातातून त्या हातात घेतली.

मग तिच्या पर्समधला फोन वाजायला लागला. तिनं काढून पाहिला. पेटीचा होता.

दोघं फोनच्या उजळलेल्या स्क्रीनकडे बघत राहिले. फोन वाजत होता. दार ढकललं असतं तर आई तिथून दिसली असती. लेकीचा अंगठा स्क्रीनवर टेकला, पण तिनं फोन घेतला नाही आणि बंदही केला नाही. तो वाजत असतानाच तिनं एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, बॅग जिन्यातच ठेवली आणि ती आत गेली.