चक्कीगाडीची तीन दुखणी

चतुराबाईला कुणी म्हातारी म्हटलं तर चालायचं, पण गाडी चालवता येत नाही म्हटलेलं मुळीच चालायचं नाही. आणि विकासने, तिच्या पोटच्या पोराने, नेमकं तेच म्हटलं. तेही हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकात, दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या सात-आठ बायांसमोर!

झालं होतं असं. चतुराबाईची पिकअप म्हणजे साधी पिकअप नव्हे. मागच्या हौद्यात चक्की बसवलेली, इंजिनाच्याच जोरावर पट्ट्याने फिरणारी. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला दळण घ्यायची खिडकी. अफझलगंजमधलं चक्कीचं दुकान बंद पडलं, पाठोपाठ नवराही गेला, तेव्हा या बाईने पंचावन्नाव्या वर्षी लायसन काढलं, चक्की उचलून गाडीवर चढवली आणि लोकांच्या दारात जाऊन ज्वारी-गहू दळून द्यायला लागली. त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने कुणाच्या सायकललासुद्धा ओरखडा काढला नव्हता. आणि त्या शुक्रवारी सोसायटीच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या जागी थांबलीच नाही. चार हात पुढे गेली आणि वॉचमनच्या खुर्चीचा चुराडा केला. वॉचमन नुकताच चहाला उठला होता म्हणून बरं.

विकास त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मदतीला आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, बस्स झालं. मागच्या आठवड्यात इंजिन तापून चौकात धूर, परवा गिअर पडेना, आज हे. तुला नाही जमत आता, सिरीयसली."

"गाडीला काहीतरी झालंय रे."

"मी चालवतो तेव्हा गिअर कसा पडतो मग? तुझ्याच हातात का अडकतो?"

हे मात्र चतुराबाईला जास्तच झोंबलं. शेवटी ठरलं ते इतकंच, की उद्या संध्याकाळपर्यंत गॅरेजवाल्या कुलदीपला दोष सापडला तर ठीक, नाहीतर चावी विकासकडे आणि गाडी विकायला. चतुराबाईने मान हलवली खरी, पण रात्रभर चावी उशीखाली घेऊन झोपली. चावी गेली तर करायचं काय? घरात बसून टीव्हीतल्या सासवा-सुनांची भांडणं बघायची?

शनिवारी सकाळी ती कुलदीपच्या गॅरेजात हजर. कुलदीप सरदार होता, पण चार पिढ्यांचा हैदराबादी. ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो दखनीत उत्तर द्यायचा, आणि सहा वर्षांत दोघांपैकी कुणालाही भाषा बदलायची गरज वाटली नव्हती.

कुलदीपने आधी एकट्याने एक चक्कर मारली. परत आला तो हसतच.

"चाची, गेअर तो मक्खन है मक्खन!"

मग चतुराबाई बसली. पहिल्या वळणावर काही नाही. उतारावरून आली, ब्रेक मारला, पुन्हा निघायला पहिला गिअर टाकायला गेली, तर खर्रर्र! टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. कानशिलं तापली तिची. म्हणजे विकास म्हणतो तेच खरं की काय?

कुलदीप डोकं खाजवत म्हणाला, "ऐसा करतौं, ब्रेक, पानी का रेडिएटर, क्लच, तीनों खोल डालतौं."

"नक्को!" चतुराबाई एकदम कडाडली. "चक्कीतून पीठ गरम यायला लागलं की मी काय करते? लगेच दगड बदलते का? आधी दाणा बघते, ओला आहे का. मग दगड गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावायची झालीय का. मग पट्टा. एक हलवायचं, दळून बघायचं, मग दुसरं. तिन्ही एकदम हलवलं तर गुन्हा कुणाचा ते जन्मात कळायचं नाही."

"हौ चाची," कुलदीप म्हणाला. त्याला ते पटलं, आणि गंमतही वाटली. "तो पहला कौन?"

"तापतं ते बघ."

त्याने गाडीच्या तोंडावरची जाळी काढली. आतला रेडिएटर म्हणजे बारीक पत्र्यांची उभी चळत. त्या पत्र्यांमधून वारा खेळायचा आणि पाणी गार व्हायचं. इथं वारा कसला खेळतोय! फटी कसल्यातरी पिवळट, टणक पदार्थाने लिंपून गेल्या होत्या. कुलदीपने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा तुकडा हातात आला. त्याने वास घेतला आणि गोंधळून तिच्याकडे बघितलं.

चतुराबाईने तुकडा बोटांत चुरला. "ज्वारी," ती म्हणाली. मग आणखी एक तुकडा काढायला लावला. "हा गहू, बघ कसा चिवट आहे. आणि हा मधला पिवळा... हे बेसन! दिवाळीत दोन आठवडे नुसती हरभऱ्याची डाळ दळली होती मी." ती अगदी रंगून गेली. थरावर थर काढत होती, सणवार सांगत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की हे सगळं आत गेलं कसं, हा खरा प्रश्न आहे.

आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

चक्की चालताना पीठ उडणारच, आणि उभ्या गाडीचा पंखा ते समोरून आत ओढणारच. नुसतं कोरडं पीठ असतं तर झटकलं गेलं असतं. पण चतुराबाई रोज सकाळी पाइप लावून गाडीचं तोंड धुवायची. जाळीतून आत, चांगलं दाबून. माहेरी बैलांची तोंडं धुतल्याशिवाय बाप औत जुंपायचा नाही, तीच सवय. तोंड धुवायचं, हळदकुंकू लावायचं, मग किल्ली फिरवायची. पिठावर पाणी, वर इंजिनाची आच.

"म्हणजे सहा वर्षं मी यात कणीक मळत होते!"

कुलदीप हसून हसून खाली बसला. चतुराबाईलाही हसू आवरेना. दुखण्याला कारण असतं, ते सापडतं, हे तरी कळलं. कुलदीपने रेडिएटर काढून कोमट पाण्यात बुडवून ठेवला आणि तिला सांगितलं, इथून पुढे तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, आत आधी कोरडा वारा मारायचा.

मग ब्रेक. चाकं काढली तर भलतंच कोडं. पुढचे लायनर झिजून पार लोखंडाला टेकलेले, आणि मागचे कोरे करकरीत, जणू काल बसवलेत.

"मागचे कामच करत नाहीत की रे!"

"करते चाची. लेकिन बहुत थोडा. काइकू?"

दोघंही गाडीखाली वाकले. कुलदीपने बोट दाखवलं. मागच्या चाकांच्या आसापासून एक लोखंडी दांडी वर जात होती, आणि वरच्या टोकाला ब्रेकचं तेल कमी-जास्त सोडणारी एक छोटी झडप होती, तिला तो चकली म्हणायचा. तो समजावून सांगायला लागला. गाडीत ओझं भरलं की मागचा भाग खाली दबतो, दांडी वर ढकलली जाते, आणि चकली मागच्या ब्रेकला जास्त तेल सोडते. गाडी रिकामी असेल तर मागचा भाग वर राहतो, चकली तेल कमी सोडते, नाहीतर रिकामी गाडी मागून घसरायची.

"पण माझी गाडी तर रिकामी कधीच नसते. चक्की असते, दळणाची पोती असतात."

"वोइच तो," कुलदीप म्हणाला आणि टॉर्च बाजूला वळवला. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या चळतीत तीन पाटे वेगळे दिसत होते. नवा काळा रंग. "ये किसने डाले? इत्ते पाटे डाले तो गाडी दबतीच नै. ओझा कित्ता बी रख, चकली समझती के गाडी खाली है."

चतुराबाई बघतच राहिली. दिवाळीनंतर गाडीची मागची बाजू ताठ उभी राहायला लागली होती, हे तिलाही जाणवलं होतं. बरंही वाटलं होतं. पण पाटे तिने टाकले नव्हते, कुलदीपनेही नाहीत. मग कोणी? दिवाळीत विकास गाडी दोन दिवस पॉलिशला म्हणून घेऊन गेला होता... ती उठून उभी राहिली. कुलदीपला म्हणाली, "काढ ते तिन्ही. पुढचे लायनर नवे टाक."

दुपार झाली. आता उरला गिअर, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचीच धास्ती होती. बाकीचे दोष गाडीचे होते. गिअर मात्र तिच्याच हातात अडकत होता.

रेडिएटर चढवून झाल्यावर कुलदीप पुन्हा एक चक्कर मारून आला. लोण्यासारखा गिअर. तिने मारली, तर उतारानंतर खर्रर्र. तो, मग ती, मग तो, मग ती. चार वेळा तेच. कुलदीपचा चेहरा कसनुसा झाला.

"चाय पीते चाची?"

ती गाडीतून उतरली. सीटखाली हात घालून मागच्याच आठवड्यात घेतलेल्या जाड टाचेच्या चपला काढल्या, खाली टाकल्या, पायांत सरकवल्या. दोन पावलं गेली आणि तिथंच थबकली.

"कुलदीप, तू चालवतोस तेव्हा मी कुठं असते?"

"नीचे. इदरच."

"आणि माझ्या चपला?"

"तुम्हारे पाँव में..." म्हणता म्हणता तोही थांबला.

चतुराबाई गाडीत कधीच चपला घालून बसली नव्हती. अन्नाची गाडी ती. तिच्या सासूने जात्याच्या चार हातांत कुणाची चप्पल येऊ दिली नव्हती, मग चक्कीच्या गाडीत ही कशी घालेल? दारातच काढायची, हाताने सीटखाली सारायची, अनवाणी चालवायची. आणि दुसऱ्या कुणाला गाडी दिली की चपला तिच्यासोबत खाली उतरायच्या!

चहा राहिला तसाच. चपला सीटखाली गेल्या, ती स्टिअरिंगवर, कुलदीप शेजारी मान खाली घालून तिच्या पायांकडे बघत. उतार आला. ब्रेक. डावी चप्पल सुळकन पुढे आली आणि तिची जाड टाच क्लचच्या पायपट्टीखाली जाऊन बसली. क्लच अर्धाच दबला. खर्रर्र!

"पकडा गया चोर!" कुलदीप ओरडला. तिनेही टाळी वाजवली. मला येतं चालवता, येतं मला, असं तिला भर रस्त्यात ओरडावंसं वाटलं.

आणि मग तिची नजर क्लचच्या शेजारच्या पायपट्टीवर गेली. ब्रेकच्या. चप्पल अजून वीतभर उजवीकडे सरकली असती तर? वॉचमन खुर्चीवर बसलेला असता तर? गाडी कडेला घेऊन ती उतरली आणि फुटपाथवर बसली.

कुलदीपला समजलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "चाची, विकास को चप्पल की बात नक्को बोलो. मैं बोल देतौं क्लच प्लेट घिस गई थी. तुम्हारी चाबी तुम्हारे पास."

किती सोपं होतं! चतुराबाईने उघड्या दारातून गाडीतल्या चपलांकडे बघितलं. हे सांगितलं तर विकास म्हणणार, बघ, मी म्हणत होतो ना, चूक तुझीच. चावी जाणार. नाही सांगितलं तर चावी राहील, पण उद्या उतारावर पाय ठेवताना आपल्यालाच आपली भीती वाटेल.

विकास पाच वाजता ऑफिसातून थेट आला. पायांत काळे बूट, इस्त्रीची पँट. कुलदीप तोंड उघडणार इतक्यात चतुराबाईनेच सुरुवात केली. पीठ सांगितलं, पाणी सांगितलं. मग चपलांचं सगळं, ब्रेकच्या पायपट्टीसकट. मध्ये कुठंच थांबली नाही.

"खुर्ची मोडली ती ब्रेकमुळे. पण त्याहून मोठं काही झालं असतं तर ते माझ्या चपलेमुळे झालं असतं. मला लई भीती वाटली रे, विकास. ही घे चावी." तिने हात पुढे केला.

विकासने चावी घेतली नाही. तो कोपऱ्यात पडलेल्या तीन काळ्या पाट्यांकडे बघत होता.

"हे का काढले?"

कुलदीपने पाट्यांचं सांगितलं. दांडी, चकली, सगळं. विकासचा चेहरा उतरत गेला.

"मी टाकले होते," तो म्हणाला. "दिवाळीला. गाडी मागून दबायची, बघवायचं नाही मला. वाटलं तुला हादरे बसत असतील. सरप्राइज द्यायचं होतं."

"अरे देवा! म्हणून दिवाळीपासून माझी कंबर धरलीय होय!" चतुराबाई म्हणाली, आणि मग तिला दिसलं की पोराचे डोळे भरले आहेत.

"सगळ्यांसमोर तुला बोललो मी, आई. आणि गाडी थांबली नाही ती माझ्यामुळे."

कुलदीपने उगाचच एक पाना पुसला.

चावी अजून तिच्या हातातच होती. विकास गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. दार उघडलं, वाकून बूट काढले आणि कुलदीपच्या कट्ट्यावर ठेवले. अनवाणी आत चढला. चतुराबाई स्टिअरिंगवर बसली, सवयीने चपला काढल्या आणि सीटखाली सारायला वाकली, तर त्याने हात आडवा धरला.

"इकडे दे."

"अरे, ऑफिसची पँट आहे. धूळ लागेल."

"लागू दे. दे म्हटलं ना."

त्याने दोन्ही चपला मांडीवर ठेवल्या आणि वर हात ठेवला. तिने क्लच दाबला. गिअर आवाज न करता पडला. उतारावर मागे चक्की होती, ज्वारीची चार पोती होती, आणि गाडी किंचित दबली होती. तिने ब्रेकवर पाय ठेवला, आणि जिथं थांबवायची होती तिथंच गाडी थांबली.

तिने वळून बघितलं. विकासचे डोळे रस्त्यावर नव्हतेच. तो दोन्ही हातांनी तिच्या चपला घट्ट धरून बसला होता.